ऑपरेटरबाईंचे नियम

ऑपरेटरबाईंचा फोन आला की आमच्या गावातली भलीभली माणसं बसल्या जागेवरून उठून उभी राहायची. बाई कधी आवाज चढवत नसत. नमस्कार करत, स्वतःचं नाव सांगत आणि म्हणत, "आज सकाळी तुम्ही ग्रुपवर एक कमेंट लिहिलीत. ती मी तुम्हाला वाचून दाखवते." मग खरोखरच वाचत. पूर्वी आलेली तार फोनवर वाचून दाखवायचे तशा, सपाट आणि स्वच्छ आवाजात, एकही शब्द न गाळता. 'हरामखोर' असेल तर 'हरामखोर' म्हणत. "पुढे तीन उद्गारचिन्हं आहेत," हेही सांगत. वाचून झालं की जरा थांबत आणि विचारत, "हे असंच ठेवायचं, की काही बदलायचंय?"

बहुतेक माणसं बदलत. काही जण हसून वेळ मारून नेत आणि फोन ठेवल्यावर गुपचूप पुसून टाकत. आपणच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाला कसं होतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही त्यांचा तसा फोन आला होता. "असंच ठेवा" असं ठणकावून सांगणारा माझ्या माहितीत एकच निघाला, आणि त्याचं सगळं पुढे येणारच आहे.

बाई टेलिफोन खात्यात होत्या. फोन फिरवून थेट लागत नसत, मधे ऑपरेटरला नंबर सांगावा लागे, त्या काळात खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या एक्स्चेंजमध्ये त्या बोर्डावर बसत. एक्स्चेंज आपोआप चालू लागल्यावर त्यांनी खात्यात दुसरं काहीबाही काम केलं, पण निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही त्या ऑपरेटरबाईच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. कोणाचा मुलगा बोटीवर चढला, कोणाला मुंबईत नोकरीवरून काढलं, कोणाची सून माहेरी फोन करून रडली, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. पण त्यातलं अक्षरसुद्धा गावात कधी फुटलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "मी जोडणी करते. बोलणं त्यांचं असतं." माझे थोरले काका मुंबईला अपघातात गेले, तो निरोप त्यांच्या बोर्डावर आला होता. बाईंनी तो फोनवरून दिला नाही. बोर्ड बंद करून उन्हातून आमच्या घरी चालत आल्या, आजीला पाणी प्यायला लावलं आणि मग सांगितलं. बोर्ड बंद ठेवल्याबद्दल त्यांना वरून विचारणा झाली होती, असं वडील सांगत.

माझा एसटी थांब्यासमोर फोटो स्टुडिओ आहे. सातआठ वर्षांपूर्वी मी गावाचा ग्रुप नेटवर सुरू केला तो जुने फोटो टाकण्यासाठी. शाळेचे, जत्रेचे, पूर्वीच्या गलबतांचे. हळूहळू गावातली, मुंबईतली, बोटीवरची, आखातातली अशी तीनेक हजार माणसं त्यात आली. सुरुवातीला छान चाललं. मग लोकांना एकमेकांची लाज काढण्याची चटक लागली. कोणी रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकला की खाली सरपंचाच्या बायकोपर्यंत गोष्ट जाई. मुंबईचे गावाला आळशी म्हणत, गावचे मुंबईकरांना चार दिवसांचे पाहुणे म्हणत. मी वाचून न वाचल्यासारखं करत असे. भांडणं असली की ग्रुपवर वर्दळ असते, हेही मला कुठेतरी आवडत होतं. ते आज कबूल करतो.

एक दिवस बाई स्टुडिओत आल्या. पासपोर्टचा फोटो काढायचा असेल असं वाटून मी पडदा सरळ करायला लागलो.

"फोटो नकोय," त्या म्हणाल्या. "तुझा तो ग्रुप. त्यात माणसं काय बोलतात ते तू वाचतोस काय रे, सुहास?"

"वाचतो की."

"सगळं?"

 त्यांनी पिशवीतून एक रेघांचा कागद काढून काउंटरवर ठेवला. सात नियम लिहिले होते, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. स्वतःच्या नावानं लिहावं. पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये. बोलायचं ते कामाबद्दल, माणसाच्या घरादाराबद्दल, जातीबद्दल, दुखण्याबद्दल नाही. स्वतः पाहिलेलं असेल तर 'पाहिलं' लिहावं, ऐकलेलं असेल तर 'ऐकलं' लिहावं आणि कोणाकडून तेही लिहावं. चूक दाखवली तर काय करता येईल तेही एका ओळीत सांगावं. दुसऱ्याचं लिखाण पुसण्याआधी त्याला फोन करावा, हा नियम खास माझ्यासाठी होता. आणि शेवटचा, आपलं चुकलं असं कळलं तर जिथे लिहिलं तिथेच मागे घ्यावं, घरी जाऊन हळूच सांगू नये.

"बाई, एवढं बंधन घातलं तर कोण टीका करणार?" मी विचारलं.

"टीका करू दे की. कडक करू दे. पण ती वाचून समोरच्याला उद्या उठून काहीतरी दुरुस्त करता आलं पाहिजे. नुसतं रक्त काढायला लिहायचं नाही."

मी तो कागद टाइप करून ग्रुपच्या माथ्यावर लावला आणि बाईंना अॅडमिन केलं. खरं सांगायचं तर गंमत म्हणून. महिन्याभरात थकतील असं वाटलं होतं. त्या थकल्या नाहीत. रोज सकाळी आंघोळ, पूजा आटोपून त्या चष्मा लावून बसत आणि रात्रीपासूनच्या सगळ्या कमेंट वाचत. मग फोन सुरू.

त्यांच्या नियमांचं पहिलं फळ मिळालं ते उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या बाबतीत. 'उपकेंद्र कायम बंद, नर्स फुकट पगार खाते' अशी पोस्ट पडली आणि तिच्याखाली चाळीसेक जणांनी तोंडसुख घेतलं. बाईंनी त्या चाळिसांना फोन केले. प्रत्येकाला एकच प्रश्न. "तुम्ही कोणत्या वारी, किती वाजता गेला होता?" तीस जण गेलेच नव्हते. उरलेल्या दहांचे वार जुळवले तर सगळे मंगळवार आणि शुक्रवार निघाले. त्या दोन दिवशी नर्सबाईंना डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गावी जावं लागे, तिथली जागा रिकामी होती. बाईंनी तेवढंच लिहिलं, खाली एक ओळ घातली की उपकेंद्राच्या दारावर वार लिहिलेला फलक लावावा आणि दुसऱ्या जागेसाठी सगळ्यांनी सहीनिशी अर्ज करावा. फलक लागला. अर्जावर सह्या झाल्या. पुढच्या वर्षी दुसरी नर्स आली. शिव्या देणाऱ्यांपैकी दोघांनी तिथल्या तिथे माफी मागितली. आमच्या गावात माणसं चारचौघांत माफी मागतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला फोन आला तो भजनावरून. वरच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी आपल्या भजनाचा व्हिडिओ टाकला होता. आवाज फाटका, सूर जागेवर नाही. मी खाली लिहिलं, 'खाडीपलीकडच्या म्हशींची झोप उडाली.' पन्नास जण हसले. अकराच्या सुमारास बाईंनी मला माझं ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांच्या तोंडून त्यात काहीच गंमत उरली नव्हती. मी पुसलं. दोन महिन्यांनी मला कळलं, त्या गृहस्थांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर ते पहिल्यांदाच गायले होते. बाईंना हे तेव्हाच ठाऊक होतं.

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? ऑपरेशन झालं नसतं तर तू लिहिलंस ते बरोबर ठरलं असतं काय?"

त्यांच्यावर रागावणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं सगळंच चुकत नव्हतं. बाई रुक्ष होत्या. निखळ विनोदही त्यांना तपासून घ्यावासा वाटे. माणूस जेवायला बसला आहे की झोपला आहे हे न बघता फोन करत. एकाच्या वडिलांच्या निधनाच्या पोस्टमधलं शुद्धलेखन दुरुस्त करायला त्यांनी फोन केला, तेव्हा तो माणूस ओरडला होता. बाई म्हणाल्या, "वडिलांचं नाव चुकलंय. ते तरी नीट हवं ना." गावातल्या मंडळींनी त्यांना पाठीमागे 'पट्टी', म्हणजे मास्तरांच्या हातातली, म्हणायला सुरुवात केली होती. हे त्यांना माहीत होतं. एकदा मलाच म्हणाल्या, "पट्टी म्हणतात ते ठीक आहे. नाव घालून म्हणत नाहीत, तेवढं वाईट."

साडेतीन वर्षं असं चाललं. मग त्या मे महिन्यात क्रिकेटचे सामने झाले.

सामने मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाचे. मंडळाचे सेक्रेटरी आमच्याच गावचे, मुंबईला मोठ्या हुद्द्यावर, गावात त्यांची हापूसची बाग. देवळाच्या कामाला, शाळेच्या कामाला पुढे असणारा माणूस. अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी खेळाडूंना आणि पाहुण्यांना जेवण होतं, भात आणि बांगड्याचं कालवण. मासळी दिली होती पारूताईनं. पारूताई म्हणजे आमच्याकडे पाट्या घेऊन दारोदार फिरणारी विधवा बाई. हर्ण्याच्या बंदरातल्या संध्याकाळच्या लिलावातून मासळी घेऊन यायची, बर्फात ठेवायची आणि सकाळी विकायची. वीस वर्षं गाव तिच्या हातची मासळी खात होतं.

संध्याकाळपर्यंत वीसबावीस जणांना उलट्या आणि चक्कर सुरू झाली. गाड्या करून त्यांना दापोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, विषबाधा आहे. तिसऱ्या दिवशी सगळे घरी आले, कोणाच्या जिवाला काही झालं नाही. पण पहिल्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं होतं, 'शिळी मासळी खपवून पोरांच्या जिवावर उठणाऱ्या बाईला गावात बसू देऊ नका.' नाव लिहिलं नव्हतं. ते खाली इतरांनी लिहिलं. तिच्या घराचा फोटोही कोणीतरी टाकला.

दुसऱ्या दिवशी पारूताई माझ्या स्टुडिओत आली. तिच्याकडे साधा फोन होता, तिला काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. "माज्याबद्दल काय लिवलाय, वाचून दाकव," म्हणाली. मी म्हटलं, "काही विशेष नाही." ती म्हणाली, "मंग माज्या दारात कोन येत का नाय? मासली मी पन खाल्ली, माज्या सुषमानं खाल्ली. मला कोनी विचारलान पन नाय."

बाईंनी विचारलं. आजारी पडलेल्या एकूण एक माणसाला, आणि न पडलेल्यांनाही. काय खाल्लंत, काय प्यायलात. तीन दिवस त्या फोनवर होत्या. धावफलक लिहिणारे गुरव हे माळकरी, मासळीला शिवत नाहीत, त्यांना उलट्या झाल्या होत्या, आणि मासळी न खाणाऱ्या आणखी एकालाही. स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी सगळ्यांत शेवटी तेच कालवण पोटभर खाल्लं, त्यांना काही झालं नव्हतं. त्या जेवायला बसल्या तेव्हा कोकम सरबत संपलं होतं. सरबत केलं होतं एका निळ्या पिंपात. पिंप आणणाऱ्या गड्याला बाईंनी गाठलं. ते आंब्यावर औषध फवारायचं पिंप होतं, सेक्रेटरींच्या बागेतलं. "पानी मारून घेतलं व्हतं," तो म्हणाला.

आधी बाईंनी नियमाप्रमाणे सेक्रेटरींना फोन केला, त्यांचं वाक्य वाचून दाखवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. सेक्रेटरी म्हणाले, "असंच ठेवा." बाई म्हणाल्या, "मग मला ते काढावं लागेल. का काढलं तेही मी तिथे लिहीन." आणि त्यांनी तसं केलं. त्यांची ती पोस्ट मला जवळजवळ पाठ आहे. 'मासळी न खाल्लेले दोघे आजारी पडले. मासळी खाऊन सरबत न प्यायलेल्या सात जणांना काही झालं नाही. सरबताचं पिंप फवारणीचं होतं असं ते आणणाऱ्यानं मला सांगितलं. पिंप मी स्वतः पाहिलेलं नाही. ते तपासून घ्यावं आणि पुन्हा वापरू नये. पारूताईंबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांनी इथेच मागे घ्यावं.' खाली त्यांचं पूर्ण नाव. पिंप कोणाचं होतं हे त्यांनी लिहिलं नव्हतं. ते गावाला आपोआप कळलं.

त्यानंतर जे झालं ते मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. पारूताई बाजूलाच राहिली. लोक बाईंवर तुटून पडले. 'ही बाई तीस वर्षं लोकांचे फोन चोरून ऐकत होती, आता कमेंट चोरून वाचते.' हे वाक्य कोणी पहिल्यांदा लिहिलं ते कळलं नाही, खोट्या नावाचं खातं होतं. पण तासाभरात ते खरं झालं. कोणाचं जमलेलं लग्न बाईंनी चुगली करून मोडलं म्हणे. कोणाच्या जमिनीचा सौदा त्यांनी भावकीला फोडला म्हणे. ज्यांच्या घरची सगळी दुःखं त्या बाईनं पोटात ठेवली होती, त्या घरांतली मुलं हे लिहीत होती. उपकेंद्राच्या अर्जावर पहिली सही करणाऱ्यानं 'हुकूमशाही संपली पाहिजे' असं लिहिलं. ज्यांच्या भजनावर मी हसलो होतो, त्या गृहस्थांनी काहीच लिहिलं नाही. पण चोरून ऐकण्याच्या त्या वाक्याला त्यांचा अंगठा होता. मी तो दोनदा उघडून बघितला.

बाईंनी एकालाही उलट उत्तर दिलं नाही. फोन करत राहिल्या. लोकांनी त्यांचे फोन उचलणं बंद केलं.

दुपारी सेक्रेटरींचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "सुहास, ग्रुप तुझा आहे की त्या बाईंचा? गाव फुटायला आलंय. तू मधे पड. दोन्हीकडचं सगळं काढून टाक आणि बाईंना जरा विश्रांती दे. वय झालंय त्यांचं."

"आणि पारूताईचं?" मी विचारलं.

"त्याचं बघू आपण. मी आहे ना."

दोन्हीकडचं, हा शब्द मला पटला. किंवा पटवून घ्यावासा वाटला. मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो मी काढत आलोय, गणपतीला ही माणसं माझ्या घरी जेवतात, हे मनात होतंच. मी बाईंची पोस्ट पुसली. शिव्यांची पोस्टही पुसली. पण शिव्या तोवर शंभर फोनांत उतरल्या होत्या, आणि बाईंचं लिहिणं फक्त त्या एका जागी होतं. मग मी बाईंचं नाव अॅडमिनमधून काढलं. दोनदा बोट लावलं, झालं. त्यांना फोन केला नाही. काय बोलू ते सुचत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. शेवटी लिहिलं, 'गावाच्या एकोप्यासाठी या विषयावरील चर्चा थांबवण्यात येत आहे.' माझ्या कुठल्याही फोटोला मिळाली नव्हती एवढी वाहवा त्या एका ओळीला मिळाली. 'योग्य निर्णय.' 'परिपक्व अॅडमिन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्टुडिओत आल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"मला काढलंस, त्याचं काही नाही. ग्रुप तुझा आहे," त्या म्हणाल्या. "पण एक फोन करायचास."

"बाई, वातावरण फार तापलं होतं."

"होय. म्हणून तर फोन करायचा असतो." मग त्यांनी विचारलं, "मी लिहिलं त्यात खोटं काय होतं?"

"काहीच नाही."

"मग पुसलंस कशाला?"

बाहेर एसटी येऊन थांबली होती, माणसं उतरत होती, आणि मी काचेतून तिच्याकडे बघत राहिलो. कोणीतरी गिऱ्हाईक आत यावं असं मला वाटत होतं.  बाई "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पिंप कोणी तपासलं नाही. पारूताईनं पावसापर्यंत कसंबसं रेटलं. सकाळी पाटी घेऊन निघायची आणि भरल्या पाटीनं परत यायची. श्रावण संपल्यावर तिनं घराला कुलूप लावलं आणि हर्ण्याला सुषमाकडे, लेकीकडे राहायला गेली. सेक्रेटरींनी त्याचं काय बघितलं, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी सामने पुन्हा झाले. या वेळी मासळी नव्हती, चिकन होतं, आणि सगळे म्हणाले की व्यवस्था चोख होती.

बाईही गावात फार राहिल्या नाहीत. दिवाळीनंतर त्या मंडणगडला भाचीकडे गेल्या. जाताना निरोप घ्यायला त्या कोणाकडे गेल्या नाहीत, आणि त्यांना निरोप द्यायला आमच्यातलंही कोणी गेलं नाही. नियमांचा कागद ग्रुपच्या माथ्यावर होता तो मी काढला नव्हता. कोणीतरी म्हणालं, आता त्याची गरज काय, तेव्हा काढला.

वर्षभरानं एका लग्नाच्या शूटिंगसाठी मी मंडणगडला गेलो, तेव्हा धीर करून त्यांच्याकडे गेलो. भाचीचं घर चढावर, अंगणात भात वाळत घातलेलं. बाई बारीक झाल्या होत्या, पण आवाज तोच. त्यांनी चहा केला, माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली, स्टुडिओ कसा चाललाय विचारलं. ग्रुपचं नाव काढलं नाही. एवढ्या सभ्यपणानं त्या माझ्याशी आधी कधीच वागल्या नव्हत्या. शेवटी मीच म्हणालो, "बाई, माझं चुकलं. तुमची पोस्ट मी पुसायला नको होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "हे तू इथे, माझ्या स्वयंपाकघरात सांगतोयस."

"होय."

"माझं काय गेलं, सुहास? मी निवृत्त बाई. आज ना उद्या थांबणारच होते. पारूचा धंदा गेला. तिला जाऊन सांग. आणि जिथे पुसलंस तिथे लिही."

"लिहितो," मी म्हणालो.

परतताना वाट वाकडी करून मी हर्ण्याला गेलोसुद्धा. संध्याकाळ होती, होड्या लागल्या होत्या, लिलावाची गडबड चालू होती. त्या गर्दीच्या कडेला पारूताई बसली होती, समोर पोत्यावर सुके बोंबील आणि थोडा जवळा. पूर्वी ती ताज्या मासळीशिवाय काही विकत नसे. मी दहाबारा पावलांवर होतो. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी तिथेच थोडा वेळ घुटमळलो आणि गाडीकडे परत फिरलो.

या वर्षी होळीच्या सुमारास बाई गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी संपल्या, असं भाचीनं कळवलं. बातमी मी ग्रुपवर टाकली, त्यांचा जुना फोटो लावला, कानाला हेडफोन, समोर बोर्ड, चेहरा वैतागलेला. दिवसभरात तीनशेच्या वर माणसांनी खाली लिहिलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'गावाचा आवाज हरपला.' 'अशी माणसं आता होणे नाही.' सेक्रेटरींनी मोठा परिच्छेद लिहिला, बाईंच्या निःस्पृहपणाबद्दल. चुगलीनं लग्न मोडल्याचं ज्यानं लिहिलं होतं त्यानं हात जोडलेली दोन चित्रं टाकली.

संध्याकाळी या सगळ्याच्या खाली एक कमेंट आली. पारूताईच्या सुषमाची, स्वतःच्या नावानं. 'माझ्या आईला मासळीवरून गावानं वाळीत टाकलं तेव्हा खरं शोधायला फक्त बाईंनी फोन केले. त्यांनी लिहिलं ते अॅडमिननं पुसलं. आज ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यातल्या किती जणांनी तेव्हा बाईंना शिव्या दिल्या ते मला माहीत आहे. आई विचारते, तिचं नाव कधी साफ करणार?'

त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. मला मात्र फोन आले. सेक्रेटरींचा आला, आणखी तिघांचे आले. सगळे एकच म्हणत होते, आजच्या दिवशी हे बरं दिसत नाही, तेवढं काढून टाक. मी चौघांनाही नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

ती कमेंट अजून तिथे आहे. तिच्याखाली उत्तर लिहायची जागा रोज उघडतो. 'सुषमा' एवढं लिहून होतं. मग स्टुडिओत कोणीतरी येतं, किंवा कोणी येत नाही, आणि मी ते पुसतो. हे सगळं मी इथे एवढं सविस्तर लिहिलं, कारण इथे वाचणारे मला ओळखत नाहीत. तिथे अजून काहीच लिहिलेलं नाही.